तळपायावरील चामखीळ

शरीराच्या सर्व अवयवांत ज्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतों तो तळपाय होय. हातावर लहानसा फोड आला तर दिवसांतून दहा वेळां त्याकडे पाहतों. तळपायांत कांहीं बोंचूं लागलें तर मात्र "कांटा मोडला असेल" असें म्हणून महिनेमहिने तसेच चालत राहतों. उपदेशकाचें, शिक्षिकेचें व शेतकऱ्याचें सारें काम पायांवर उभें आहे. म्हणून आजच्या पाठांत तळपायावर येणाऱ्या एका अगदीं सामान्य व्याधीचा, म्हणजे चामखिळीचा, नीट विचार करूं. ही व्याधि जिवावर बेतणारी नाहीं. परंतु तिच्यावर केलेले कांहीं घरगुती उपाय पाय गमावण्याची पाळी आणूं शकतात, आणि कधीं कधीं तिच्या वेषांत दुसराच मोठा रोग घरांत शिरतो. ह्या दोन कारणांसाठीं हा विषय क्षुल्लक समजूं नये.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांत कृष्णा व पंचगंगा ह्यांच्या संगमावर नृसिंहवाडी आहे. आपल्याकडील लोक तिला नरसोबाची वाडी किंवा नुसतें वाडी असेंच म्हणतात. पौर्णिमेस व मार्गशीर्षांतील दत्तजयंतीस तेथें फार मोठा समुदाय जमतो. लोक पायताणें बाहेर काढून ठेवतात, घाटावर स्नान करतात आणि ओल्या पायांनींच दगडी फरसबंदीवरून फिरतात. पावसाळ्यांत नदी चढली म्हणजे पाणी देवळांत शिरतें. तें पादुकांवरून जाऊन दक्षिणेकडील दारानें बाहेर पडूं लागलें कीं त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, व त्या पाण्यांत स्नान करण्यास गर्दी लोटते. तेथें जाणाऱ्यांची श्रद्धा हा आजचा विषय नव्हे, व तिची थट्टा करणें कोणासच शोभणार नाहीं. वाडीचें नांव घेण्याचें कारण एवढेंच कीं, ओली जमीन, अनवाणी पाय आणि पुष्कळ माणसें ह्या तीन गोष्टी जेथें एकत्र येतात तेथें हा आजार एकाच्या पायांतून दुसऱ्याच्या पायांत जाण्यास वाट मिळते. ह्याच तीन गोष्टी आपल्या वसतिगृहांच्या न्हाणीघरांतही रोज सकाळीं एकत्र येतात, हें आम्ही विसरूं नये.

आतां चामखीळ म्हणजे काय तें पाहूं. ती कांटा नव्हे, मळ नव्हे, रक्तांतील उष्णता नव्हे, आणि कोणाच्या पापाची खूण तर मुळींच नव्हे. ती एका विषाणूमुळें येते. ह्या विषाणूचें इंग्रजी नांव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस असें असून त्याचे २०० हून अधिक प्रकार ठाऊक झाले आहेत. त्यांपैकीं थोडेच तळपायावर वस्ती करतात. १९०७ सालीं इटलींतील चुफो नांवाच्या वैद्यानें चामखिळी वाटून त्यांचा अर्क अशा गाळणींतून काढला कीं जिच्यांतून साधे जंतु पार होऊं शकत नाहींत. तो गाळलेला अर्क त्वचेंत टोंचल्यावर कांहीं महिन्यांनीं तेथें चामखीळ उगवली. जंतूंहूनही बारीक असें कांहींतरी हिच्या मुळाशीं आहे, हें त्यावरून कळलें. पुढें १९४९ सालीं अमेरिकेंत विद्युत्-सूक्ष्मदर्शक यंत्रांतून ते कण प्रत्यक्ष दिसले. एक कण इतका लहान असतो कीं असे सुमारें १८,००० कण एका ओळींत मांडले तर ती ओळ एक मिलिमीटर भरेल.

एवढासा कण जाड तळपायांत शिरतो कसा? धडधाकट, कोरड्या कातड्यांतून त्यास सहसा शिरतां येत नाहीं. परंतु पाय बराच वेळ पाण्यांत राहिला म्हणजे कातडें फुगतें व मऊ पडतें, आणि खरबरीत दगडावर किंवा सिमेंटवर घासून त्यास डोळ्यांस न दिसणारे ओरखडे पडतात. टांचेच्या भेगा, पावसाळ्यांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, कांटा काढतांना सुईनें पडलेलें छिद्र, हीं सर्व त्याचीं दारेंच आहेत. उसाला रात्रभर पाणी पाजून सकाळीं घरीं आलेल्या माणसाचे पाय पाहा. विषाणूस ह्याहून सोयीची जमीन कोठें मिळणार? एकदां आंत शिरला म्हणजे तो कातड्याच्या वरच्या थरांत राहून तेथील पेशींस भराभर वाढावयास लावतो. त्या वाढीचा गड्डा म्हणजे चामखीळ. हातावरची चामखीळ बाहेर उंच वाढते, पण तळपायावर सर्व अंगाचा भार पडत असल्यामुळें ती आंत दाबली जाते. म्हणून चालतांना खडा टोंचल्यासारखी वेदना होते.

विषाणु शिरल्यापासून चामखीळ दिसूं लागेपर्यंत एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत, कधीं त्याहूनही अधिक काळ जातो. ह्यामुळें ती अमक्या यात्रेंत लागली किंवा तमक्या मुलामुळें आली असें खात्रीनें सांगतां येत नाहीं. तसें सांगून शेजाऱ्याशीं भांडण काढणारे लोक आहेत म्हणून हें लिहावें लागतें. शिवाय एकाच न्हाणींत आंघोळ करणाऱ्या दहा जणांपैकीं एखाद्यासच ती येते, कारण प्रत्येकाच्या शरीराची प्रतिकारशक्ति निराळी असते. शाळकरी मुलांत व तरुणांत हिचें प्रमाण अधिक आहे.

आपल्याकडे तळपायावरच्या प्रत्येक टणक गांठीस "कुरूप" म्हणण्याची चाल आहे. वास्तविक कुरूप व चामखीळ ह्या दोन भिन्न वस्तु आहेत. कुरूप, ज्याला कोणी भोंवरी म्हणतात, तें दाबामुळें होतें. जेथें हाड खालीं टेकतें किंवा पायताण घासतें तेथें कातडें आपल्या रक्षणासाठीं जाड होत जातें व शेवटीं तेंच बोंचूं लागतें. त्यांत विषाणु नाहीं, व तें एकाचें दुसऱ्यास लागत नाहीं. दोहोंतील फरक ओळखण्यास दिव्याजवळ बसून पाय स्वच्छ धुवावा व नीट पाहावा. हाताच्या बोटांप्रमाणें तळपायावरही बारीक रेषा असतात. कुरुपावर त्या रेषा सरळ पुढें जातात. चामखिळीपाशीं त्या तुटतात व तिला वळसा घालून जातात. चामखिळीवर पुष्कळदां मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसतात. लोक त्यांस "बी" किंवा "मुळें" म्हणतात. पण ते गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे शेंडे होत. चामखिळीस मूळ नसतेंच. ती कातड्याच्या वरच्या थराखालीं उतरत नाहीं. तिसरी खूण अशी : सरळ वरून अंगठ्यानें दाबल्यास कुरूप दुखतें, दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरून दाबल्यास चामखीळ अधिक दुखते. कधीं कधीं अनेक चामखिळी एकमेकींस लागून मधाच्या पोळ्यासारखा चट्टा तयार होतो. खरोखरीचा बाभळीचा कांटा आंत राहिला असेल तर बहुधा तो केव्हां मोडला हें आठवतें, व तेथें पू धरतो.

आतां घरगुती उपायांकडे वळूं, कारण खरें नुकसान येथें होतें.

पहिला बिब्बा. सुईस टोंचून तो दिव्यावर धरावा व त्याचें गरम तेल तळपायाच्या गांठीवर टेकवावें, ही चाल गांवोगांवीं आहे. बिब्ब्याचें तेल म्हणजे तेंच कीं ज्यानें धोबी कपड्यांवर न धुपणारी खूण करीत. कापडावर जें आयुष्यभर टिकतें तें कातड्यावर काय करील? त्यानें मोठाले फोड येतात, कातडें जळतें, कधीं सर्व पाय सुजतो. रुईचा चीक असाच दाहक आहे. शिवाय तो लावलेला हात चुकून डोळ्यास लागला तर बुबुळास इजा होते. मोरचूद, कळीचा चुना व कपडे धुण्याचा सोडा ह्यांची एकत्र पूड करून बांधणारे वैदू जत्रांत भेटतात. त्यांच्या गांठोड्यांतील वस्तूंविषयीं न बोललेलें बरें.

दुसरा उपाय वस्तऱ्याचा किंवा पातीचा. जाड कातडें कापून काढल्यानें दोन दिवस बरें वाटतें, हें खरें. परंतु चामखीळ कापतांना रक्त निघतें व विषाणु आजूबाजूस पसरतो, आणि एकीच्या जागीं चार होतात. तीच पाती घरांत दुसऱ्यानें वापरली तर त्यासही प्रसाद मिळतो. रक्तानें पसरणारी कावीळ व त्याहून भयंकर रोगही अशाच पातींतून जातात. गंजलेल्या पातीच्या जखमेंतून धनुर्वाताची भीति आहे ती निराळीच.

तिसरा उपाय चामखिळीस घोड्याचा केंस बांधण्याचा. तळपायावरची चामखीळ आंत दाबलेली असल्यामुळें तिला केंस बांधतां येत नाहीं, म्हणून हा उपाय येथें आपोआपच बाद झाला. तरी "अमक्यानें केंस बांधला व ती गळून पडली" असें शपथेवर सांगणारे लोक खोटें बोलत नसतात. त्याचें कारण समजून घ्यावें. मुलांच्या चामखिळी कांहींही न करतां सुमारें दोन वर्षांत तिघांपैकीं दोघांच्या नाहींशा होतात. शरीर त्या विषाणूस उशीरा ओळखतें, पण ओळखल्यावर घालवून देतें. अशा वेळीं जो उपाय नुकताच केलेला असेल त्यास यश मिळतें : केंस, मंत्र, मीठ किंवा डॉक्टरची गोळी. प्रौढांत हा काळ पुष्कळ लांबतो.

मग करावें काय? दुखत नसेल, पसरत नसेल, व मनुष्य एरवीं निरोगी असेल तर वाट पाहणें हाही योग्य उपाय आहे. दुखत असेल तर सॅलिसिलिक ॲसिडचें मलम किंवा द्रव औषधाच्या दुकानांत मिळतें. डॉक्टरास किंवा औषधविक्रेत्यास विचारून घ्यावें. लावण्याची रीत अशी कीं, रात्रीं पाय कोंबट पाण्यांत पांच-दहा मिनिटें भिजवावा; मऊ झालेलें वरचें पांढरें कातडें वज्रीनें हलकेंच घासून काढावें, रक्त येईल इतकें नव्हे; पाय पुसून भोंवतालच्या चांगल्या कातड्यास व्हॅसलीन लावावें, आणि औषध फक्त गांठीवर लावून वर चिकटपट्टी लावावी. हें रोज, न चुकतां, बारा आठवडे. ती वज्री दुसऱ्या कोणी वापरूं नये, आणि त्याच माणसानें ती आपल्या चांगल्या टांचेवरही फिरवूं नये. आग फार होऊं लागली तर दोन दिवस थांबावें. ह्या उपायाचा बहुधा पहिल्या पंधरवड्यांतच लोकांस कंटाळा येतो, आणि दोष औषधावर येतो.

शहरांतील त्वचारोगतज्ज्ञ उणे १९६ अंश इतक्या थंड द्रव नायट्रोजननें चामखीळ गोठवतात. त्यासाठीं दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानें पुनः पुनः जावें लागतें. पैसे खर्च होतात त्या अर्थीं गुण अधिक असेल असें वाटणें साहजिक आहे. परंतु २०११ सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत तळपायावर चामखीळ असलेल्या २४० जणांचे दोन गट करून एकास गोठवण्याचा उपचार दिला व दुसऱ्यास ५० टक्क्यांचें सॅलिसिलिक ॲसिड घरीं लावावयास दिलें. बारा आठवड्यांअंतीं दोन्ही गटांत सुमारें १४ टक्के लोकच पूर्ण बरे झालेले आढळले. ह्यावरून दोन गोष्टी दिसतात : महाग तें गुणकारी असें नाहीं, आणि तळपायाची चामखीळ मोठी चिवट आहे. एका टोंचण्यांत ती घालवण्याची हमी देणाऱ्यास फार पैसे देऊं नयेत.

येथवर जें सांगितलें तें ज्याच्या पायांस स्पर्श व वेदना कळते त्याच्यासाठीं आहे. ज्याचा पाय बधिर आहे त्यास ह्यांपैकीं एकही औषध घरीं लावूं देऊं नये, कारण आम्लानें कातडें जळत गेलें तरी त्यास समजणार नाहीं. बधिरतेचीं आपल्याकडे मुख्य कारणें दोन : मधुमेह व कुष्ठरोग. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें भारतांत मधुमेहाचे सुमारें १० कोटी १० लाख लोक आहेत. तो आतां नुसता शहरी श्रीमंतांचा रोग राहिलेला नाहीं. उसाच्या मुलुखांत "त्याला साखर आहे" ह्या वाक्याचे हल्लीं दोन अर्थ होतात. वाडीहून येतांना बासुंदी आणणाऱ्या घरांत निदान एकदां सर्वांच्या रक्ताची तपासणी झालेली असावी.

कुष्ठरोगाविषयीं डॉ. पॉल ब्रँड ह्यांचें काम स्मरणीय आहे. हे मिशनरी आईबापांच्या पोटीं १९१४ सालीं तामिळ मुलुखांतील कोल्ली डोंगरांत जन्मले, व १९४६ पासून वेल्लूर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं सेवा केली. कुष्ठरोग्यांच्या पायांचें मांस रोगानें आपोआप सडतें अशी त्या वेळची समजूत होती. ब्रँड ह्यांनीं रोज पाय तपासून दाखवून दिलें कीं, मांस चांगलेंच असतें; वेदना नसल्यामुळें रोगी खिळ्यावर, खड्यावर किंवा फोडावर तसाच चालतो, आणि त्या दाबानें जखम होते. मऊ रबरी तळाचीं पायताणें दिल्यावर ज्या जखमा वर्षानुवर्षें वाहत होत्या त्या टळूं लागल्या. म्हणून बधिर पायावरील "कुरूप" कापणें म्हणजे जखमेस आमंत्रण देणें होय.

बधिरता ओळखण्याची एक सोपी परीक्षा कोणाही उपदेशकास किंवा बायबल-बाईस घरभेटींत करतां येईल. माणसास डोळे मिटून बसवावें. त्याच्या प्रत्येक पायाचा अंगठा, मधलें बोट व करंगळी ह्यांच्या टोंकास आपल्या बोटानें अगदीं अलगद एक-दोन क्षण स्पर्श करावा. दाबूं नये, घासूं नये. स्पर्श कळतांच त्यानें "हो" म्हणावें. सहांपैकीं दोन किंवा अधिक ठिकाणीं कळलें नाहीं तर त्यास त्याच आठवड्यांत आरोग्य केंद्रांत घेऊन जावें. अंगावर कोठें फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असल्यास तोही दाखवावा. कुष्ठरोगाचा औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतो, व तो सहा किंवा बारा महिन्यांचा असतो. लपवून ठेवण्यासारखें त्यांत आतां कांहीं उरलेलें नाहीं.

त्याचप्रमाणें, तळपायावर काळा डाग असून तो पसरत असेल, किंवा गांठीचें व्रण होऊन तें महिनाभर भरत नसेल व रक्त वाहत असेल, तर चामखीळ समजून बसूं नये. कातड्याचा एक वाईट कर्करोग आपल्या वर्णाच्या लोकांत विशेषेंकरून तळपायावरच होतो. तो विरळा आहे, पण लवकर दाखविल्यास जीव वाचतो. कोल्हापुरास छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय आहे. तेथें जाण्यास लाजूं नये.

प्रतिबंधाचे नियम थोडे आहेत. जेथें अनेक जण स्नान करतात तेथें रबरी सपाता घालून जावें. कोल्हापुरी पायताण तेथें नेऊं नये. बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेलें तें कातडें भिजलें कीं वाकडें होतें, आणि एवढ्या मेहनतीच्या वस्तूचा नाश होतो. घाटावर अथवा देवळांत अनवाणी जावें लागतें तेथें बाहेर आल्यावर पाय स्वच्छ पाण्यानें धुवावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्यानें पुसाव्या, मग पायताण घालावें. वाहत्या नदीची भीति फारशी नाहीं. भीति आहे ती ज्या जागेवर ओले पाय पुनः पुनः पडतात व जी वाळत नाहीं तिची. वसतिगृहाच्या प्रमुखांनीं न्हाणीघराची जमीन रोज घासून धुवावी व दुपारीं दारें-खिडक्या उघडून ती खडखडीत वाळूं द्यावी. प्रत्येक मुलास स्वतःचा पंचा, स्वतःच्या सपाता व स्वतःचे मोजे असावे. महिन्यांतून एकदां शनिवारीं सर्वांचे तळपाय पाहण्याचा परिपाठ ठेवल्यास चिखल्या, भेगा, चामखिळी व कांटे सर्व एकदम सांपडतील. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत शिरोळ तालुक्यांतील अनेक कुटुंबांस घरें सोडून शाळांत व सभागृहांत राहावें लागलें. अशा वेळीं शेंकडों लोकांस मोजक्या मोऱ्या मिळतात व पाय दिवसभर ओले असतात. म्हणून पुराच्या गांठोड्यांत कागदपत्रांबरोबर प्रत्येकाच्या सपाता व एक कोरडें फडकें आधींच बांधून ठेवावें.

शेवटीं, शिक्षकांकडून नेहमीं येणारा एक प्रश्न : चामखीळ असलेल्या मुलास शाळेंतून किंवा वसतिगृहांतून घरीं पाठवावें काय? मुळींच नाहीं. ती चिकटपट्टीनें झांकावी, त्यास आपल्या सपाता घालून न्हावयास सांगावें, नखांनीं ती उकरूं नये अशी ताकीद द्यावी, आणि बाकी मुलांबरोबर त्यास खेळावयास पाठवावें.